शामोनीच्या हिमनद्या व काव्यदृष्टि

पर्वताला आपल्या भाषेनें ‘अचल’ म्हटलें आहे. ‘नग’ म्हणजे न जाणारा, असेंही म्हटलें आहे. त्याच पर्वताच्या अंगावरून उतरणाऱ्या बर्फाच्या राशीला मात्र आपण ‘हिमनदी’ म्हणतों. एका नांवांत स्थैर्य आहे, दुसऱ्यांत गति आहे. हा भेद केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा नाहीं. पर्वतावरील काव्याचें मूल्य ठरवितांना या दोहोंपैकीं कोणती दृष्टि कवीनें पत्करली हें पाहणें अगत्याचें असतें, असें आमचें मत आहे. आणि तें मत एका लहानशा खोऱ्याच्या वाङ्मयावर घासून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शामोनीचें खोरें फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, जुन्या सॅव्हॉय प्रांतांत, माँ ब्लाँ या सुमारें ४,८०० मीटर उंचीच्या पर्वताच्या पायथ्याशीं पसरलेलें आहे. तळांतून आर्व्ह नदी वाहते व तिच्या आजूबाजूस ला तूर, आर्जांतिएर, ले ब्वा, बोसों अशा वाड्या आहेत. या प्रत्येक वाडीच्या डोक्यावर एक हिमनदी, आणि वाडीचें व हिमनदीचें नांव एकच. त्यांतली सर्वांत मोठी ती ‘मेर द ग्लास’, म्हणजे हिमसागर. तिच्या खालच्या टोंकाला पूर्वी ले ब्वाची हिमनदी म्हणत. आज शामोनी हें उपाहारगृहांनीं व गिर्यारोहकांनीं गजबजलेलें गांव आहे. परंतु अडीचशें वर्षांपूर्वी तेथें गुरें राखणारे, थोडीबहुत शेती करणारे आणि कडेकपारींतून स्फटिक हुडकणारे गरीब लोक राहत असत. इंग्रजी काव्याच्या आपल्याकडील अभ्यासकांस हें स्थळ परिचित आहे तें कोलरिज व शेले यांच्यामुळें. पण तेथील लोकांचें बोलणें कवींच्या फार आधीं कागदावर आलें होतें, आणि विचाराचा आरंभ तेथूनच केला पाहिजे.

या खोऱ्याचें पहिलें वाङ्मय करमाफीच्या विनवण्यांत आणि सरकारी पाहणीच्या टिपणांत आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं आल्प्समधील हवा थंडावली व हिमनद्या खालीं सरकूं लागल्या. शेतें बर्फाखालीं गेलीं, तरी त्यांवरील कर चालूच राहिले. इ. स. १६१६ मध्यें सॅव्हॉयच्या हिशेबखात्याचा एक अधिकारी शातलार नांवाच्या वाडीची पाहणी करण्यास आला. त्याच्या टिपणांत सुमारें सहा घरें आहेत. त्यांपैकीं दोनच वसलेलीं, आणि त्यांतही कांहीं दीन बायकामुलें तेवढीं उरलेलीं. घरांना भिडलेली प्रचंड हिमनदी राहिलेल्या घरांचा व जमिनीचा नाश करील, याखेरीज तिच्याकडून दुसरी अपेक्षा नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. पुढें १६४४ सालीं जिनीव्हाचे सहबिशप शार्ल द साल यांनीं सुमारें तीनशें लोकांची मिरवणूक घेऊन एकेका हिमनदीच्या तोंडाशीं जाऊन शांतिपाठ केला. तेथील लोक हिमनदीला शेजारी समजत होते. तो शेजारी कधीं अंगणांत येईल याचा नेम नसे, आणि म्हणून त्याच्याशीं सरकारमार्फत व देवामार्फत बोलणें करावें लागे.

या टिपणांस वाङ्मय म्हणावें काय, अशी शंका कोणी घेईल. आमचें उत्तर असें कीं, ललित वाङ्मय म्हणूं नये; पण ललित वाङ्मयाच्या परीक्षेसाठीं तीं हाताशीं ठेवावीं. त्यांत घरांची संख्या आहे, वसतीं किती व ओस किती याचा हिशेब आहे, आणि भय आहे तें हिशेबांतूनच आलेलें आहे. पुढील दोन शतकांत या खोऱ्यावर जें लालित्यपूर्ण लेखन झालें, त्यापैकीं पुष्कळांत ही एकच गोष्ट हरवली: बर्फ चालतो, ही.

ती हरवण्यास आरंभ कोठें झाला हेंही दाखवितां येतें. इ. स. १७४१ मध्यें विल्यम विंडहॅम व रिचर्ड पोकॉक हे इंग्रज गृहस्थ जिनीव्हाहून या खोऱ्यांत आले. विंडहॅमचा वृत्तांत १७४४ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. हिमनदीचें वर्णन करतांना, वाऱ्यानें खवळलेलें सरोवर एकाएकीं गोठावें तसें तें दृश्य आहे, अशी उपमा त्यानें दिली. ‘हिमसागर’ हें नांव या उपमेच्याच कुळांतलें. उपमा सुंदर आहे व प्रथम पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ती खरीही आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला कीं, जी नदी होती तिचा समुद्र झाला, आणि समुद्रही गोठलेला. शातलारच्या लोकांवर जें चालून आलें तें पाहुण्याच्या दृष्टीला थांबलेलें दिसलें. पाहुणा दोन दिवस राहतो. दोन दिवसांत बर्फ किती हलणार?

या थांबलेल्या बर्फाचें परमोच्च काव्य कोलरिजनें रचिलें. शामोनीच्या खोऱ्यांतील सूर्योदयापूर्वीचें त्याचें स्तोत्र १८०२ च्या सप्टेंबरांत लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रांत छापलें गेलें. तो शामोनीस कधींच गेला नव्हता. फ्रीडरीके ब्रून या कवयित्रीच्या जर्मन कवितेचा त्यानें पुष्कळ आधार घेतला व तो मान्य केला नाहीं. डी क्विन्सीनें १८३४ सालीं ही गोष्ट उघड केल्यापासून टीकाकार कोलरिजवर वाङ्मयचौर्याचा आरोप ठेवीत आले आहेत. आम्हांस त्या आरोपांत आज फारसें स्वारस्य वाटत नाहीं. न पाहिलेल्या स्थळाचें उत्कृष्ट वर्णन करणें कवीला शक्य आहे; कालिदासाचा मेघ ज्या ज्या गांवावरून गेला तेथें तेथें कवि स्वतः गेला होता काय, असें आपण विचारीत नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. या स्तोत्रांत हिमनद्या म्हणजे कड्यावरून कोसळतां कोसळतां एका महान् आज्ञेनें जागच्या जागीं थांबलेले प्रपात आहेत. त्यांना कोणी थांबविलें, हा कवीचा प्रश्न, आणि ईश्वरानें, हें सर्व सृष्टीचें उत्तर. म्हणजे बर्फाचें स्थैर्य हा येथें नुसता अलंकार नाहीं. तो पुरावा आहे. कवितेसोबत जोडलेल्या टिपणांत तर, या खोऱ्यांत आल्यावर नास्तिक कोण राहूं शकेल, असा सवालच कोलरिजनें केला आहे.

येथें आमच्यावर एक आक्षेप येणार, त्याचा विचार आधींच केलेला बरा. काव्याला भूगर्भशास्त्राचा काटा कशाला लावतां? चकोर चांदणें पीत नाहीं, म्हणून चकोराचीं काव्यें कोणी टाकून दिलीं नाहींत. आक्षेप रास्त आहे. पण तो येथें लागू पडत नाहीं. चकोराचें चांदणें पिणें हा कविसंकेत आहे हें कवीलाही ठाऊक असतें व वाचकालाही, आणि त्या चकोराला साक्षीस बोलावून कोणी कांहीं सिद्ध करूं पाहत नाहीं. कोलरिज मात्र हिमनदीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभी करतो. साक्षीदार एकदां पुढें आणला कीं त्याची उलटतपासणी होणारच. स्तोत्राचा नाद गंभीर आहे, त्याची चढती लय मन उचलून नेते, हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु त्याची भक्ति ज्या थांबलेल्या प्रपातावर टेकलेली आहे तो प्रपात थांबलेला नव्हता, आणि आज तर त्याचा बराच भाग तेथें नाहीं.

आतां शेले. तो, मेरी व मेरीची सावत्र बहीण क्लेअर हीं तिघें १८१६ च्या जुलै महिन्यांत शामोनीस आलीं. आदल्या वर्षीं एप्रिलांत सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता; त्यामुळें १८१६ चा उन्हाळा युरोपांत जवळजवळ उगवलाच नाहीं. हिमनद्या पुन्हां वाढीस लागल्या होत्या, आणि पुढच्या पांचसहा वर्षांत ले ब्वाच्या घरांजवळ बर्फ येऊन ठेपायचा होता. या काळांत शेलेनें आपला मित्र पीकॉक यास लिहिलेलें पत्र दुसऱ्या वर्षीं प्रवासवर्णनाच्या पुस्तकांत छापलें गेलें. त्यांत तो सांगतो कीं, बर्फ दररोज सुमारें एक फूट पुढें येतो, आणि गेल्या एका वर्षांत या हिमनद्या खोऱ्यांत तीनशें फूट उतरल्या आहेत. सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाच्या मतें हिमनद्यांना वाढीचे व ओहोटीचे काळ असतात. तेथील लोकांचें मत अगदीं उलट, आणि शेलेला लोकांचेंच मत अधिक संभवनीय वाटलें. सारी पृथ्वी शेवटीं बर्फाचा गोळा होऊन जाईल, ही ब्यूफाँची उदास कल्पना त्याच्या मनांत घोळूं लागली.

या पत्राच्या उजेडांत त्याची ‘माँ ब्लाँ’ ही कविता वाचावी. टीकाकारांनीं कोलरिजची व तिची तुलना बहुधा आस्तिक-नास्तिक वादाच्या अंगानें केली आहे. आणि शेलेनें तेथल्या पथिकगृहाच्या नोंदवहींत ग्रीक भाषेमध्यें आपणांस नास्तिक म्हणवून घेतलें असल्यामुळें त्या वादाला रंगही चढतो. पण दोन्ही कवितांतला खरा भेद गतीचा आहे. शेलेच्या कवितेंत बर्फ भक्ष्यावर नजर ठेवून सरपटत येतो, झाडें उखडतो, पशुपक्ष्यांचीं वसतिस्थानें गिळतो, माणसें त्याच्यापुढून भिऊन दूर पळतात. सामान्य वाचक याला कविकल्पनेची भयंकर झेप समजतो. १६१६ चें टिपण ज्यानें वाचलें आहे त्यास मात्र ही ओळखीची हकीकत वाटेल: तींच ओस घरें, तोच घरांवर आलेला बर्फ. शेलेनें गांवकऱ्यांचें ऐकलें व तें काव्यांत येऊं दिलें. पाहुणा असूनही त्यानें शेजाऱ्याची साक्ष घेतली, हा त्याचा मोठेपणा होय.

आणि तरीही त्याचा तर्क खोटा ठरला. सोस्यूर बरोबर होता. १८५० च्या सुमारास हिमनद्या मागें फिरल्या. मध्यंतरीं कांहीं वेळां थोड्या पुढें आल्या खऱ्या, पण एकंदर ओहोटीच लागली. मेर द ग्लास तेव्हांपासून दोन किलोमीटरांहून अधिक मागें हटली आहे. मग कोलरिजला जो न्याय आम्ही लावला तोच शेलेला कां लावूं नये? लावावाच; आणि त्यांतूनच आमचें म्हणणें स्पष्ट होईल. शेलेच्या कवितेचा आधार भाकितावर नसून बर्फ चालतो या जाणिवेवर आहे. चालणारी वस्तु पुढें येऊं शकते तशी मागेंही जाऊं शकते. कवितेच्या त्याच भागाच्या शेवटीं हिमाच्या पोटांतल्या गुहांतून एक नदी उसळून निघते व दूरच्या देशांतून वाहत समुद्रास मिळते. १८१६ मध्यें त्या प्रवाहांत संहाराच्या पोटीं असलेलें जीवन दिसत असेल; आज त्यांत हिमनदीचा क्षय दिसतो. वस्तुस्थिति उलटली, तरी कविता उलटली नाहीं. तिनें नव्या अर्थाला जागा दिली. निसर्गाला चालूं देणारी कृति तिचें अनुमान चुकलें तरी टिकते. निसर्गाला थांबवून त्यावर उभी राहणारी कृति, तिची भावना कितीही शुद्ध असो, त्या निसर्गाबरोबर झिजते.

मेरी शेलेच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या १८१८ सालच्या कादंबरीविषयीं येथें दोन शब्द लिहिले पाहिजेत. निर्माता व त्यानें निर्मिलेला प्राणी यांची मोठी भेट तिनें मेर द ग्लासवर घडविली आहे. मनाला शांति लाभावी म्हणून निर्माता बर्फावर चढून जातो, आणि तेथें त्याच्यासमोर उभें राहतें तें त्याचें स्वतःचें कर्म. हा प्राणी सांगतो कीं, बर्फाच्या गुहा हेंच माझें घर. माणसाला ज्याचा लोभ नाहीं असें तेवढेंच एक ठिकाण उरलें आहे. शामोनीची आजची स्थिति ज्यास ठाऊक आहे त्यानें हें वाक्य सहज वाचून सोडूं नये. मेर द ग्लासच्या पोटांत १९४६ पासून दरवर्षीं प्रेक्षकांसाठीं नवी गुहा कोरण्यांत येते. परंतु हा लोभ लहान झाला. माणसानें बर्फावर पाऊल न टाकतांही तो घेतला, हें मोठें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्समधील तपमान सुमारें दोन अंशांनीं चढलें आहे, आणि त्याचें मुख्य कारण दूरदूरच्या देशांतील कोळसा व तेल यांचें ज्वलन होय. आपल्या हातची कृति हाताबाहेर जाऊन आपणांस बर्फावर गांठते, हा त्या कादंबरीचा विषय. शास्त्राची माहिती नसतांना तिनें योग्य स्थळ निवडलें.

ओहोटीची पहिली थोर नोंद गद्यांत आहे. रस्किन तरुणपणापासून शामोनीस वारंवार जात असे व बर्फाचे बारीक आकार तो चितारी. १८६९ मध्यें ‘क्वीन ऑफ द एअर’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यानें लिहिलें कीं, आल्प्सची हवा धुरानें मळली आहे, आणि हिमनद्यांच्या लाटाही ओसरूं लागल्या आहेत. त्याचा संताप अतिरेकी आहे, त्याचें शास्त्र तुटपुंजें आहे. पण त्यानें एकच स्थळ वर्षानुवर्षें पाहिलें होतें, आणि पाहुण्याला जें दिसत नाहीं तें त्याला दिसलें. निसर्गलेखनांत वाग्वैभवापेक्षां पुन्हां पुन्हां जाऊन पाहण्याला अधिक किंमत आहे, हें त्या प्रस्तावनेवरून पटावें.

आजचा प्रवासी काय पाहतो? मोंतांव्हेरला जाणारी आगगाडी १९०९ सालीं पुरी झाली, तेव्हां स्थानकाजवळून थोडें उतरलें कीं बर्फावर पाय ठेवतां येई. १९८८ मध्यें खालीं उतरण्यासाठीं दोरमार्ग बांधावा लागला. बर्फ आणखी खालीं गेला तेव्हां पायऱ्या जोडल्या, त्या वाढत वाढत पांचशेंहून अधिक झाल्या. आणि २०२४ मध्यें खोऱ्यांत वरच्या अंगाला नवा दोरमार्ग सुरू झाला. उतरण्याच्या वाटेवर, अमुक सालीं बर्फ येथवर होता, अशा पाट्या आहेत. १६१६ च्या टिपणाशीं नातें सांगणारें या खोऱ्यांतलें आजचें लेखन तें हेंच: नुसते आंकडे, आणि त्यांमधलें वाढत जाणारें अंतर.

बोसोंच्या हिमनदीचें आणखी एक प्रकरण आहे, आणि त्यांत मुंबईचा संबंध येतो. १८२० सालीं माँ ब्लाँच्या चढणीवर तीन वाटाडे हिमस्खलनानें एका भेगेंत गाडले गेले. त्यांचे अवशेष बर्फाबरोबर चालत १८६१ मध्यें खालच्या टोंकाशीं आले. सुमारें चाळीस वर्षांनीं असें होईल, हें फोर्ब्स या शास्त्रज्ञानें वेगाच्या गणितावरून आधींच सांगितलें होतें. पुढें ३ नोव्हेंबर १९५० रोजीं मुंबईहून निघालेलें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान माँ ब्लाँवर आदळून ४८ जण मरण पावले. त्यांत बहुतेक उतारू भारतीय खलाशी होते. २४ जानेवारी १९६६ रोजीं ‘कांचनजंगा’ विमानाचा तेथेंच नाश झाला व डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण गेले. त्या विमानांतली टपालाची थैली २०१२ मध्यें बाहेर आली. आणि २०२० मध्यें, इंदिरा गांधींची पंतप्रधानपदीं निवड झाल्याची बातमी देणारे भारतीय वृत्तपत्रांचे अंक बर्फांतून वर आले. हिमांत मेलेल्या माणसाविषयीं ‘चिरनिद्रा’ हा शब्द आपल्या लेखणीला सहज सुचतो. बोसोंनें तो शब्द खोटा ठरविला. बर्फानें कांहींच चिरकाल ठेवून घेतलें नाहीं. आपल्या गतीनें तें खालीं आणून दिलें.

यावरून आजच्या लेखकांस एक सुचवावेंसें वाटतें. हिमनद्यांवर आतां शोकगीतें लिहिण्याची रीत पडत आहे; स्वित्झर्लंडांत पिझोल हिमनदीचा तर २०१९ सालीं उत्तरविधिही करण्यांत आला. शोक खरा आहे. परंतु शोकगीताला मृत वस्तु लागते, आणि मृत वस्तु हलत नाहीं. म्हणजे कोलरिजनें भक्तीनें जें केलें तेंच आपण करुणरसानें करीत आहों: बर्फाला पुन्हां थांबवीत आहों. स्वित्झर्लंडच्याच ल्योट्शन खोऱ्यांत ब्लाटेन नांवाचें लहान गांव होतें. वरच्या शिखराचे खडक बिर्श हिमनदीवर कोसळत राहिले. मे २०२५ मध्यें सुमारें तीनशें गांवकऱ्यांस आधीं हलविण्यांत आलें. आणि २८ मे रोजीं हिमनदी तुटून खडक, बर्फ व चिखल यांखालीं बहुतेक गांव गाडलें गेलें. जी वस्तु संपत आली म्हणून आपण विलाप करतों तीच एका दुपारीं गांव घेऊन जाते. शातलारच्या टिपणांतले शब्द चारशें वर्षांनीं, ओहोटीच्या काळांत, पुन्हां खरे झाले.

म्हणून या खोऱ्यांतल्या वाङ्मयापासून घेण्याचा धडा आम्हांस असा दिसतो. लेखकानें पर्वतापुढें नम्र व्हावें, विस्मित व्हावें. त्यास कोणाची हरकत नाहीं. पण त्यानें तेथें राहणाऱ्यास विचारावें कीं, बर्फ तुझ्या आजाच्या वेळीं कोठवर होता, तुझ्या बापाच्या वेळीं कोठवर, आणि आज कोठें आहे. आणि राहणाऱ्याचें अनुभवज्ञानही एकदोन पिढ्यांपुरतें असतें, हें शेलेच्या उदाहरणावरून ओळखून सोस्यूरसारख्याचेंही ऐकावें. गंगोत्रीची हिमनदीही मागें हटत आहे, आणि गोमुखाचीं वर्णनें मराठींत अजून लिहिलीं जातील; त्यांनाही हीच कसोटी लावावी लागेल. शामोनीचें बर्फ आणखी शंभर वर्षांनीं पुष्कळसें उरणार नाहीं. तेव्हांच्या वाचकाला उघडे खडक व दगडगोट्यांचे ढीग दिसतील, आणि त्यांजवळ बसून तो या कविता वाचील. गोठलेल्या समुद्राचें स्तोत्र त्याला जुन्या चित्रासारखें वाटेल. चालत्या बर्फाची कविता मात्र त्या ढिगांचा अर्थ त्याला सांगेल. कारण ते ढीग येथवर आणून टाकणारा बर्फच होता.